भात कापायच्या आधी बिननावाच्या वादळाकडं पण बघा

खानापूर, बेळगाव भागात भात पिवळं व्हायला लागलंय आणि व्हॉट्सॲपवर परत रंगीत नकाशे फिरालेत. वादळाला नाव असलं की सगळे घाबरतात, नाव नसलं की "काय होत नाही ओ" म्हणून विळे बाहेर. मला तर बिननावाचीच जास्त भीती वाटते.

हवामान खातं नाव देतं ते वारा ताशी ६२ किमीला पोचल्यावर, त्याच्या आतलं नुसतं कमी दाबाचं क्षेत्र, ते जरा जोर धरलं की डिप्रेशन, अजून वाढलं की डीप डिप्रेशन. म्हणजे नाव पडतं वाऱ्यावरून, आणि कापून टाकलेलं भात जातं पावसानं. २०२० च्या ऑक्टोबरात काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेलं डीप डिप्रेशन कलबुर्गी, सोलापूरला बुडवून गेलं, त्याला कुठं नाव होतं? आमच्या पेंढ्या एकदा अशाच दोन रात्री पाण्यात राहिल्या, तिसऱ्या दिवशी उचलल्या तर खालच्या लोंब्यांना पांढरे मोड.

अमेरिकन नेव्हीवाले वाऱ्याची १ मिनिटाची सरासरी धरतात, आपलं खातं ३ मिनिटांची, त्यामुळं तिकडं "स्टॉर्म" आणि इकडं डीप डिप्रेशन असं होतं, आणि यूट्यूबवाले तेवढंच उचलून ओरडत बसतात. त्या नेव्हीवाल्यांच्या नकाशावर ९३ए असला नंबर दिसला तर नुसती पाळत ठेवलीय समजायचं.

निपाणी, अथणीकडचे लोक कोल्हापूर-सांगलीचा अंदाज बघतात, बघा की, पण बंगळूरच्या हवामान केंद्राच्या बुलेटिनमध्ये आपण "उत्तर आतील कर्नाटक"मध्ये येतो, तिथला बेळगाव जिल्ह्याचा यलो-ऑरेंज रंग पण बघा. कन्नड जमत नसेल तर शाळेतल्या पोराला वाचायला लावा. शेतीसाठी हवामानाचा सल्ला देणारं मेघदूत ॲप पण ठेवा.

अरबी समुद्रात गोवा-कारवारसमोर काय घोळत असेल तर उभं भात दोन-चार दिवस राहू द्या, आडवं पडलं तरी कापून भिजण्यापेक्षा परवडतं. कापलंच असेल तर बांधावर उचलून ताडपत्री, आणि वावरातलं पाणी फोडून द्या. हरभऱ्याची पेरणी थांबवा, पेरल्यावर जोराचा पाऊस झाला तर बी कुजतं. द्राक्षवाल्यांनी छाटणी झाली असेल तर डाऊनी रोगावरचा फवारा उघडीप बघून आधीच घ्यावा, औषध पानावर सुकायला पाहिजे.

आणि मशीनवाल्याला तारीख द्यायच्या आदल्या संध्याकाळी बुलेटिन बघा, सकाळी नको, कारण तो एकदा दारात आला आणि तुम्ही परत पाठवला की पुढचे आठ दिवस फोन उचलत नाही.