आंतरराष्ट्रीय करार भारतीय न्यायालयात कसा मांडावा

मूलभूत हक्कांसंबंधीची कोणतीही याचिका उघडली, की शेवटच्या दोन-तीन पानांत एक परिच्छेद हमखास सापडतो: भारताने अमुक आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केली आहे, सबब तो प्रतिवादी शासनावर बंधनकारक आहे. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत हा परिच्छेद मीही पुष्कळदा लिहिला. एकदा न्यायमूर्तींनी मान वर न करता "पण हे कोणत्या कायद्यान्वये?" एवढेच विचारले आणि माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. करार खरा होता, कलमही बरोबर होते. परंतु तो करार भारतीय कायद्यात कोणत्या वाटेने आला, हे मी शोधलेच नव्हते. ती वाट कशी शोधावी, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्या वकिलांसाठी येथे सांगत आहे.

आपली पद्धत इंग्लंडच्या कॉमन लॉ परंपरेतून आली आहे. त्या परंपरेत करार करणे हे सरकारचे काम आणि कायदा करणे हे संसदेचे काम, अशी वाटणी आहे. परदेशी केलेल्या एका स्वाक्षरीने सरकारला नागरिकांचे हक्क बदलता येऊ लागले, तर संसदेला विचारण्याचे कारणच उरणार नाही. १८७९ साली इंग्लंडमधील न्यायालयापुढे 'पार्लमेंट बेल्ज' या बेल्जियन टपाल जहाजाचा खटला आला, तेव्हा प्रश्न नेमका हाच होता. जहाजाने डोव्हर बंदरात एका इंग्रजी टगबोटीला धडक दिली होती, आणि बेल्जियमशी झालेल्या करारानुसार त्या जहाजावर दावा लावता येणार नाही, असे सरकारचे म्हणणे होते. केवळ कराराच्या बळावर प्रजाजनाचा दाव्याचा हक्क काढून घेता येत नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले. वरच्या न्यायालयाने पुढे तो निकाल वेगळ्या मुद्द्यावर फिरवला, पण हे तत्त्व टिकले आणि आपल्याकडेही आले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७३ खाली केंद्र सरकार करार करते. तो देशात लागू करणारा कायदा अनुच्छेद २५३ खाली संसद करते. अनुच्छेद ५१(ग) मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर वाढवण्यास सांगितले आहे खरे, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे. एकट्या त्याच्यावर मागणी उभी राहत नाही.

अनुच्छेद २५३ ची ताकद मात्र ओळखून ठेवावी, कारण त्याखाली संसदेला राज्यसूचीतील विषयावरही कायदा करता येतो. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा करताना राज्यांच्या विधानमंडळांचे ठराव घ्यावे लागले होते. १९८१ च्या वायुप्रदूषणाच्या कायद्याच्या उद्देशिकेत मात्र १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांचा उल्लेख आहे, आणि तो कायदा संसदेने थेट केला.

प्रत्यक्ष कामाला लागताना आधी कराराची स्थिती तपासावी. भारताने नुसती स्वाक्षरी केली आहे की अनुमोदनही, म्हणजे बांधून घेणारी अंतिम संमतीही, दिली आहे, आणि अनुमोदन देताना काही कलमे बाजूला ठेवली आहेत का, हे संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहात पाहता येते. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, अनुमोदन दिलेले नाही; १९५१ च्या निर्वासितविषयक करारात तर भारत सामीलच नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला, पण बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा हक्क आपल्या कायद्यात नाही, असे तेव्हाच नोंदवून ठेवले. ही नोंद वाचून लगेच हताश होऊ नये, कारण न्यायालयांनी पुढे घटनेच्या आधारे भरपाई देण्यास सुरुवात केली आणि ती नोंद आता निरर्थक झाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात स्वच्छ सांगितले. तारखांच्या बाबतीतही जपून असावे. स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या करारास भारताने अनुमोदन दिल्याची तारीख कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात २५ जून १९९३ अशी आहे, तर संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीत ती ९ जुलै १९९३ अशी आहे. याचिकेत कोणतीही लिहिली तरी ती कुठून घेतली हे लिहावे. समोरचा वकील अशाच ठिकाणी बोट ठेवतो.

करार पुराव्याने सिद्ध करत बसण्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ५२ नुसार भारताने केलेल्या आंतरराष्ट्रीय करारांची दखल न्यायालयाने स्वतःहून घ्यावयाची आहे. संपूर्ण मजकुराची प्रत जोडावी, एवढे पुरे.

पुढचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच बहुतेक वेळा घाईत उरकले जाते: करार लागू करणारा भारतीय कायदा आहे का, आणि असल्यास त्याची शब्दरचना काय आहे, हे पाहणे. कराराचा मजकूर कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे शेवटी जोडलेल्या परिशिष्टात, छापलेला दिसला, म्हणजे काम झाले असे समजू नये. राजनैतिक संबंधांविषयीचा १९७२ चा कायदा घ्या. त्याच्या कलम २ मध्ये, अनुसूचीत दिलेल्या व्हिएन्ना करारातील तरतुदींना भारतात कायद्याचे बळ राहील, असे स्पष्ट म्हटले आहे. ज्या कायद्यात असे वाक्य असते, तेथे करार हाच कायदा होतो आणि त्यातील कलमावर थेट बोट ठेवता येते.

याच्या शेजारी १९६० चा जिनिव्हा करारांचा कायदा ठेवून पाहावा. गोवा मुक्त झाल्यानंतर फादर मोंतेरो यांनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले. राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर त्यांनी नूतनीकरण मागितले नाही आणि त्यांच्यावर परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याखाली खटला झाला. गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, म्हणून युद्धकाळात नागरिकांना जपणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराचे संरक्षण आपल्याला मिळावे, असा त्यांचा बचाव होता. करार कायद्याच्या अनुसूचीत पूर्ण छापलेला होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये म्हटले की, हा कायदा कराराच्या भंगाबद्दल शिक्षा सांगतो, पण कोणा व्यक्तीला सरकारविरुद्ध दाद मागण्याचा स्वतंत्र हक्क देत नाही. शिवाय गोवा भारतात विलीन झाल्यावर लष्करी ताबा ही स्थितीच संपली होती. म्हणून अनुसूचीपेक्षा आधी कायद्याची पहिली पाच-सहा कलमे वाचावीत.

करांच्या क्षेत्रात ही वाट आणखी अरुंद आहे. नेदरलँड्स, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्याबरोबरच्या दुहेरी कर टाळण्याच्या करारांत, भारताने पुढे ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेतील दुसऱ्या एखाद्या देशाला कमी दर दिला तर तोच दर यांनाही मिळेल, अशा अर्थाच्या तरतुदी होत्या. हा लाभ आपोआप मिळतो, असे कंपन्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेस्ले प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ९० खाली स्वतंत्र अधिसूचना निघाल्याशिवाय तो मिळणार नाही. करविषयक प्रकरणात कराराइतकेच राजपत्रही चाळावे लागते, ते यासाठी.

करार लागू करणारा कायदाच नसेल, तर दोन वाटा उरतात. पहिली अर्थ लावण्याची. जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात (१९८०) बँकेच्या हुकूमनाम्याची रक्कम न भरल्याबद्दल ऋणकोंना, म्हणजे कर्जदारांना, दिवाणी तुरुंगात टाकण्याचा प्रश्न होता. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या अनुच्छेद ११ नुसार केवळ खासगी व्यवहारात ठरल्याप्रमाणे पैसे देता येत नाहीत म्हणून कोणाला कैदेत टाकता येत नाही. न्या. कृष्ण अय्यर यांनी प्रथम मान्य केले की हा अनुच्छेद आपल्या न्यायालयात थेट लागू होत नाही, आणि मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ चा अर्थ असा लावला की, नुसती असमर्थता पुरेशी नाही, ऋणकोची लबाडी दिसली पाहिजे. निकाल दिला संहितेने; कराराने तिच्या दोन संभाव्य अर्थांपैकी एक निवडून दिला. युक्तिवाद याच क्रमाने मांडावा: आधी भारतीय कलम, मग त्यातील संदिग्धता, शेवटी करार. क्रम उलटा केला की मांडणी तिथेच ढासळते. आणि कलम संदिग्ध नसेल, तर हा मार्ग बंद आहे, हे अशिलाला आधीच सांगावे.

दुसरी वाट पोकळीची. विशाखा खटल्यात (१९९७) कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर कायदाच नव्हता, म्हणून स्त्रियांविषयीच्या कराराच्या आधारे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४, १९ व २१ यांचा अर्थ भरून काढत सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि संसदेचा कायदा येईपर्यंत त्या लागू राहिल्या. याहून धाडसी निकाल मला एम. व्ही. एलिझाबेथ खटल्याचा वाटतो. मुरगाव बंदरातून माल घेऊन गेलेले हे परदेशी जहाज पुढे विशाखापट्टणमला आले असता अडकवण्यात आले. जहाजजप्तीविषयीच्या ब्रुसेल्स करारांना भारताने अनुमोदन दिलेले नव्हते. तरीही त्यांतील तत्त्वे जगभर रूढ झालेली आहेत, म्हणून ती आपल्या न्यायालयांना वापरता येतात, असे १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मात्र पोकळी भरून निघाली की हा आधार क्षीण होतो: नौकाधिकरणाचा, म्हणजे जहाजांवरील दाव्यांविषयीचा (अ‍ॅडमिरल्टी), २०१७ चा कायदा आल्यावर जहाजजप्तीसाठी आधी तोच उघडावा लागतो.

रूढीने बनलेला आंतरराष्ट्रीय कायदा कराराहून सोप्या रीतीने आत येतो. सर्वोच्च न्यायालयाने ग्रामोफोन कंपनी खटल्यात (१९८४) म्हटले की, राष्ट्राराष्ट्रांतील सर्वमान्य नियम संसदेच्या कायद्याशी विसंगत नसतील, तर ते आपल्या कायद्याचा भाग मानता येतात. अडचण असते ती रूढी सिद्ध करण्याची. दोन-चार परिषदांचे ठराव जोडून ती सिद्ध होत नाही. आणि विसंगती असेल तेथे संसदेचा कायदाच जिंकतो. पेटंट कायद्याचे कलम ३(घ) बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स कराराशी विसंगत आहे, हे नोव्हार्टिस या औषध कंपनीचे म्हणणे मद्रास उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तपासण्यासच नकार दिला. असा वाद जागतिक व्यापार संघटनेच्या यंत्रणेपुढे न्यावा, असे त्याने सांगितले.

राहता राहिली याचिकेतील मागणी. करार लागू करणारा कायदा करण्याचा आदेश संसदेला द्यावा, अशी मागणी लिहू नये. छळविरोधी कायद्यासाठी अश्वनी कुमार यांनी ती केली होती, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश देण्यास नकार दिला. मागणी नेहमी भारतीय कलमाखाली लिहावी, आणि करार त्या कलमाचा अर्थ सांगणाऱ्या परिच्छेदात, म्हणजे याचिकेच्या मधल्या पानांवर ठेवावा.