इंग्रजीत शोधनिबंध लिहायला शिकवताना या चुका टाळा

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा पहिला इंग्रजी शोधनिबंध हातात पडला की बहुतेक मार्गदर्शक लाल पेन उघडतात. दोन पानांत चाळीस खुणा आणि खाली शेरा, 'ग्रामर सुधारा'. पंधरा दिवसांनी दुसरा मसुदा येतो. त्या चाळीस जागा दुरुस्त झालेल्या असतात आणि शेजारी नव्या तीस उगवलेल्या असतात. असा निबंध अनेकदा व्याकरणामुळे फसलेलाच नसतो. आधी काय सांगायचं, किती ठामपणे सांगायचं आणि दुसऱ्याचं म्हणणं आपल्या लिखाणात कसं आणायचं, हे त्या विद्यार्थ्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

'बोलतो तर बरं, मग लिहिताना असं का?' हा प्रश्नही नेहमीचा. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक मांडला. कॅनडात स्थलांतर करून आलेल्या मुलांना बोलण्याची इंग्रजी साधारण 2 वर्षांत जमत होती, अभ्यासाच्या इंग्रजीत वर्गमित्रांच्या बरोबरीला यायला मात्र 5 ते 7 वर्षं लागत होती. त्या मुलांच्या कानावर इंग्रजी दिवसभर पडत होती. लातूर-परभणीच्या कॉलेजात ती बऱ्याचदा तासापुरतीच भेटते. एका सत्राच्या 'कम्युनिकेशन स्किल्स'च्या पेपरने हे अंतर भरून निघेल, ही अपेक्षाच चूक आहे.

सगळं एकदम दुरुस्त करू नका

रॉय लिस्टर आणि लैला रांटा या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी मॉन्ट्रियल भागातल्या फ्रेंच शिकणाऱ्या प्राथमिक वर्गांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी 55 टक्के दुरुस्त्या एकाच प्रकारच्या होत्या: मूल चुकलं की शिक्षक बरोबर वाक्य स्वतःच म्हणून पुढे जायचे. अशा दुरुस्तीनंतर मुलांनी काहीतरी प्रतिसाद दिला तो फक्त 31 टक्के वेळा. शिक्षकाने वाक्य अर्धवट सोडून 'पुढे काय?' असं विचारलं, तेव्हा मात्र प्रत्येक वेळी मूल काहीतरी बोललं. ती लहान मुलं होती आणि मामला बोलण्याचा होता, हे लक्षात ठेवायला हवं. तरी मार्गदर्शकाने संपूर्ण वाक्य स्वतः लिहून देणं हाही तोच प्रकार आहे. विद्यार्थी ते उतरवतो आणि विसरतो.

म्हणून एका मसुद्यात दोनच प्रकारच्या चुका निवडा. जागा नुसत्या अधोरेखित करा, समासात 'आर्टिकल' (म्हणजे 'अ', 'ॲन', 'द') किंवा 'काळ' एवढंच लिहा आणि दुरुस्ती त्यालाच करू द्या. आठवड्याच्या आत तोच मसुदा परत मागा. तो परत मागितला नाही, तर तपासण्यात घातलेला वेळ वाया गेला असं समजा.

मराठी वाक्याची चौकट इंग्रजीत उतरते तिथे

या चुका विखुरलेल्या वाटतात, पण त्यांची मुळं मोजकीच आहेत, आणि ती दाखवली की विद्यार्थ्याला त्या स्वतः पकडता येतात.

मराठीत 'जरी' आला की 'तरी' येतोच. म्हणून इंग्रजीत 'ऑल्दो द सॅम्पल वॉज स्मॉल, बट द रिझल्ट वॉज क्लिअर' असं वाक्य तयार होतं. इंग्रजीला दोन्हीतला एकच शब्द पुरतो. 'जे विद्यार्थी गैरहजर होते, त्यांना वगळलं' यातलं 'त्यांना' असंच तिकडे जातं: 'द स्टुडंट्स हू वर ॲबसेंट, दे वर एक्स्क्लूडेड'. इथे 'दे' काढायचं आणि स्वल्पविरामही.

सगळ्यात त्रास देतं ते 'करून'. 'प्रश्नावली तयार करून, ती वाटून माहितीचं विश्लेषण केलं' हे मराठीत चालून जातं, कारण ते कुणी केलं हे न सांगताही कळतं. तेच इंग्रजीत 'आफ्टर प्रिपेअरिंग अँड डिस्ट्रिब्यूटिंग द क्वेश्चनेअर, द डेटा वॉज ॲनलाइज्ड' असं लिहिलं की प्रश्नावली जणू डेटानेच वाटली. उपाय सोपा आहे. मराठी मसुद्यातल्या प्रत्येक 'करून'पाशी वाक्य तोडायचं आणि भूतकाळातली दोन-तीन सुटी वाक्यं लिहायची. पद्धतीच्या प्रकरणात लांबलचक वाक्याने काहीच साधत नाही.

आर्टिकल हा तर मराठी माणसाचा जुना त्रास, कारण मराठीत ती नाहीत. सगळे नियम एकदम सांगू नका. लेखी दुरुस्तीवरच्या काही प्रयोगांत दोनच वापर निवडले गेले: पहिल्यांदा उल्लेख आला की 'अ', त्याच गोष्टीचा पुन्हा उल्लेख आला की 'द'. एवढ्यावरच लक्ष ठेवल्यावर नंतरच्या लिखाणात फरक दिसला. मराठीत यासाठी आधार आहे. 'एका शाळेत पाहणी केली. त्या शाळेत...' यातल्या 'एका'च्या जागी 'अ' आणि 'त्या'च्या जागी 'द'. दीडशे शब्दांचा परिच्छेद घ्या, प्रत्येक नामापाशी थांबा आणि विचारा: 'कुठलं ते वाचकाला आधीच माहीत आहे का?' याला अपवाद भरपूर आहेत. रिसर्च, इन्फर्मेशन, एव्हिडन्स, इक्विपमेंट यांना 'अ' लागत नाही आणि अनेकवचनही होत नाही. ही चार नावं भिंतीवर लावून ठेवली तरी चालतील.

प्रस्तावना 'आजच्या युगात'पासून सुरू होते

हे शाळेतल्या निबंधाचं वळण आहे. भाषाअभ्यासक जॉन स्वेल्स यांनी शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून त्यांतल्या तीन पायऱ्या दाखवल्या: क्षेत्र दाखवणं, त्यातली मोकळी जागा दाखवणं, आणि ती जागा आपण कशी भरतो ते सांगणं. समजा विषय सोयाबीनचा आहे. पहिली पायरी: मराठवाड्यात सोयाबीन हे खरिपाचं मोठं पीक आहे आणि पेरणीच्या तारखेचा उताऱ्यावर होणारा परिणाम तपासला गेला आहे. दुसरी: दुबार पेरणी केलेल्या शेतांचा हिशोब त्यात वेगळा धरलेला नाही. तिसरी: या निबंधात तो मांडला आहे.

विद्यार्थ्यांची दुसरी पायरी हमखास सुटते, कारण आधीच्या अभ्यासात काहीतरी राहून गेलं असं म्हणणं त्यांना मोठ्यांचा अवमान वाटतो. हे बोलून दाखवा. उणीव दाखवणं म्हणजे उणंदुणं काढणं नव्हे. 'हाउएव्हर' असलेलं एक वाक्य प्रस्तावनेत शोधायला लावा. ते नसेल, तर बहुधा ही पायरीच नाही.

शब्द बदलून उतरवलेला परिच्छेद

मूळ परिच्छेद समोर ठेवून दर तिसऱ्या शब्दाला पर्यायी शब्द घालणं ही आळशीपणाची खूण मानली जाते. खरं कारण वेगळंच असतं. मजकूर पुरता समजलेला नसतो आणि स्वतःच्या इंग्रजीवर भरवसा नसतो. परिणाम मात्र तेवढेच कडक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधाचं आधीच्या लिखाणाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 मध्ये जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यावं लागतं. 40 ते 60 मध्ये वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही. 60 च्या वर नोंदणीच रद्द होते.

इथे मराठी कामाला येते. परिच्छेद दोनदा वाचायचा आणि पान मिटायचं. शेजारी बसलेल्याला तो मराठीत दोन-तीन वाक्यांत सांगायचा. सांगता आला नाही, तर पुन्हा वाचायचा. सांगता आला, तर मूळ न उघडता तीच वाक्यं इंग्रजीत लिहायची. मगच मूळ उघडून आकडे, नावं आणि अर्थ ताडून पाहायचे, संदर्भ टाकायचा. वर्गात मराठीला बंदी घालणारे शिक्षक नेमकी हीच शिडी काढून घेतात.

ठामपणा आणि शब्द

साठ जणांची प्रश्नावली काही 'प्रूव्ह' करत नाही. ती 'सजेस्ट' किंवा 'इंडिकेट' करते. उलट 'मे पॉसिबली सजेस्ट' असं लिहिलं की दावाच उरत नाही. एका विधानाला सावधपणाचा एकच शब्द पुरे.

ॲव्हरिल कॉक्सहेड यांच्या 2000 सालच्या शैक्षणिक शब्दसूचीत 570 शब्दकुलं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत. ती वर्णक्रमाने पाठ करून घेऊ नका. त्या सूचीचे वारंवारतेनुसार दहा भाग आहेत, पहिल्यापासून सुरुवात करा. आणि शब्द एकटा देऊ नका. मराठीत सर्वेक्षण, प्रयोग, शिफारस सगळंच 'करतात'. इंग्रजीत सर्व्हे 'कंडक्ट' होतो, एक्स्परिमेंट 'परफॉर्म' होतो, रेकमेंडेशन 'मेक' होतं आणि आपला 'काढलेला' निष्कर्ष तिकडे 'ड्रॉ' होतो.

सादरीकरणात

दहा मिनिटांत मिनिटाला 120 शब्द धरले तर 1200 शब्द होतात. विद्यार्थी 2000 लिहून आणतो आणि शेवटच्या तीन मिनिटांत निष्कर्ष पळवतो. कात्री पार्श्वभूमीला लावा. सरावासाठी 4-3-2 ही पद्धत वापरा: तोच मजकूर तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना आधी चार, मग तीन, मग दोन मिनिटांत, कागदाशिवाय सांगायचा.

उच्चारात 'व्ही' आणि 'डब्ल्यू'च्या फरकावर तास घालवू नका. मराठी बोलण्यात सगळ्या अक्षरांवर जवळपास सारखाच भार पडतो, म्हणून इंग्रजी शब्द ओळखू येत नाही. 'ॲनलाइज'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'अनॅलिसिस'मध्ये 'नॅ'वर. निबंधात पुन्हा पुन्हा येणारे पंधरा शब्द निवडा, जोराच्या अक्षराखाली रेघ ओढा आणि तेवढेच घोटून घ्या.