सुन्न जागेवर गोंदून घेण्याआधीची तयारी

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर छातीवर स्तनाग्र आणि भोवतीचा गडद घेर गोंदून घ्यायचा ठरवलं असेल, तर आधी एक लक्षात ठेवा, की ती जागा तुम्हाला काही सांगणार नाही. नसा कापल्या गेलेल्या असतात, त्यामुळे बहुतेकींची तिथली कातडी सुन्न असते. मला हे कळलं ते गरम पाण्याच्या पिशवीमुळे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या थंडीत खांदा शेकत बसले होते, पिशवी घसरून छातीवर आली आणि रात्री गाऊन बदलताना बोटभर फोड दिसला. दुखलं अजिबात नव्हतं. म्हणून कातडीने जे सांगायला हवं होतं ते आपण विचारून, बघून, मोजून घ्यायचं. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

सुरुवात तारखेपासून. शेवटच्या ऑपरेशननंतर साधारण तीन ते सहा महिने जाऊ द्यावे लागतात. व्रण लाल-गुलाबी आणि उचललेला असेल तर अजून थांबायचं. तो फिका, मऊ, सपाट झाला पाहिजे. रेडिएशन झालं असेल तर वाट आणखी मोठी, कित्येकदा वर्षभराची. केमो संपून रक्तातल्या पेशी सावरलेल्या हव्यात. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा, आणि तो कागदावर घ्या. खारघरच्या टाटात फॉलो-अप असेल तर त्याच फेरीत विचारून टाका, वेगळा खेटा नको. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही विचारा, पण मनाने एकही गोळी बंद करू नका. शुगर किती आहे, हाताला सूज येते का, कान टोचल्यावर कधी गाठ धरली होती का, हे सगळं आठवून लिहून न्या.

मग माणूस निवडणं. मी आधी ठाण्यात एका ठिकाणी गेले होते, भुवया आणि ओठांचं काम चांगलं करतात म्हणून. बाईंनी बघितलं आणि लगेच पुढच्या रविवारची वेळ दिली. रेडिएशन झालंय का, हे विचारलंच नाही. मी आपण होऊन सांगितलं तर म्हणाल्या, ‘काही होत नाही.’ मी पर्स उचलली. रेडिएशन झालेली कातडी पातळ होते, रंग कुठे धरते कुठे सोडते, भरून यायला वेळ लावते. हे ज्यांना विचारावंसं वाटत नाही त्यांच्या हाती सुई देऊ नका. फोटो मागाल ते व्रणावर केलेल्या कामाचे मागा, आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ रंगावरचे, आणि जखम पूर्ण भरल्यानंतरचे. ताजं काम सगळ्यांचंच उठून दिसतं. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, रंग एकदाच वापरायच्या छोट्या वाटीत. रंगाची आणि बधिर करणाऱ्या क्रीमची चाचणी काही दिवस आधी करून घ्या. रंग उतरल्यावर पुन्हा भरायची दुसरी फेरी असते, तिचे पैसे यातच धरलेत का, तेही तेव्हाच विचारा.

जागा ठरवायला मात्र भरपूर वेळ द्या. घट्ट बसणारी सुती स्लिप घाला आणि तिच्यावर, कातडीवर नाही, मोठी टिकली लावा. आरशासमोर उभ्या राहा, हात सैल सोडा, वाटलं तर टिकली बोटभर सरकवा. दोन-तीन दिवस हे करा, त्यावर ब्लाउज घालून बघा, कुर्ता घालून बघा. दुसरी बाजू शाबूत असेल तर तिच्या घेराचं माप पट्टीने घेऊन ठेवा. मी पाच वेळा टिकली हलवली. तिथे गेल्यावरही खूण उभं राहूनच करून घ्या. पाठीवर झोपलं की छाती बाजूला पसरते आणि खूण चुकते. मनासारखी होईपर्यंत पुसायला सांगा, संकोच नको.

आदल्या रात्री घरच्या कुणाला तरी कापसाचा बोळा घेऊन बसवा. तुम्ही डोळे मिटायचे, त्यांनी हलकेच स्पर्श करायचा, कळलं तर ‘हो’ म्हणायचं. माझ्या बहिणीने केलं. मधोमध काहीच नाही, काखेकडे मात्र चांगलं कळत होतं. सुई तिकडे गेली की दुखणार, हे त्यामुळे आधीच सांगता आलं.

त्या दिवशी जेवून जा. समोरून बटणं असलेला गडद सुती शर्ट आणि तारेशिवायची मऊ ब्रा घाला. मंगळसूत्र घरी ठेवा. लांब असेल तर त्याचे मणी नेमके तिथेच घासतात, पुढचे दोन आठवडेही आखूड घाला. वेळ दुपारची घ्या. संध्याकाळी वाशीहून ठाण्याच्या गाडीत छातीला धक्का न लागता उभं राहणं शक्य नाही. सोबत कुणीतरी असू द्या.

घरी आल्यावर हळद नाही, खोबरेल नाही, सासूबाईंनी कितीही मायेने आणून दिलं तरी नाही. जे मलम सांगितलं असेल तेच. खपली काढायची नाही, पोहणं आणि खूप घाम येईल असं काम दोन आठवडे बंद. सकाळ-संध्याकाळ आरशात बघा आणि बोटांच्या मागच्या बाजूने दोन्हीकडची ऊब ताडून पाहा, कारण दुखून काही कळणार नाही. लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि आत इम्प्लांट, म्हणजे बसवलेला कृत्रिम स्तन, असेल तर तासभरही वाट बघू नका. रंग सुरुवातीला फार गडद दिसेल, घाबरू नका, तो बराच उतरतो. सहा ते आठ आठवड्यांनी दुसरी फेरी असते. ती टिकलीची स्लिप तोवर धुऊन जपून ठेवा. पुढे कधी एमआरआय काढायचा झाला तर छातीवर गोंदलेलं आहे हे तिथल्या टेक्निशियनला आधीच सांगा, काही रंगांत लोहाचे अंश असतात.