पणजी कशी जगली, कशी गेली: एकोणिसाव्या शतकातली आपल्या घरची बाई शोधायची तर

माझी भाची अमेरिकेत आयोवात असते, तिकडच्याच मुलाशी लग्न केलंय, आणि त्याच्या घराण्यातली एक शेतकऱ्याची बायको, दीडशे वर्षांपूर्वीची, तिची सगळी माहिती भाचीनं एका रविवारी घरबसल्या काढली. तिकडं १८५० च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहितात (गुलाम होते त्यांची नावं तेव्हाही नाही लिहिली), आणि १९०० च्या जनगणनेत तर बाईला विचारलंय की तुला मुलं किती झाली आणि त्यातली हयात किती. वर शेताजवळच्या स्मशानात नावाचा दगड उभा. भाची म्हणाली, मावशी आता आपल्या पणजीचं काढ ना. मी म्हटलं अगं आपल्याकडं कसला दगड, आपण तर राख नदीत सोडली. पण मग बसलेच, चार वर्षं गेली, बरंच सापडलं. कसं ते सांगते, कारण आपल्या गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी अशा बाजूच्या हिंदू घरांत सगळ्यांची अडचण एकच आहे. शेजारच्या ख्रिश्चन घरांना चर्चची बाप्तिस्म्याची, लग्नाची, मरणाची बुकं असतात, आपल्याला तसं काही नाही.

सुरुवात ऑफिसात नको, घरात करा. आणि पहिलं काम श्राद्धाचं. भटजी नावं घेतात ती कोणी ऐकत नाही, आपण स्वयंपाकघरात वड्यांच्या मागे असतो. पण त्यात बायकांची तीन नावं येतात, आई, आणि वडिलांकडची आजी, पणजी, आणि त्यांना अनुक्रमे वसुरूपा, रुद्ररूपा, आदित्यरूपा म्हणतात. मी भावाला सांगितलं फोन बाजूला ठेवून रेकॉर्ड कर. तसं आमच्या पणजीचं नाव मला साठाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकायला मिळालं! आणि घाई का करायची तेही सांगते, भावाच्या जागी उद्या पुतण्या बसला की एक पिढी पुढं सरकणार आणि पणजी त्या तिघींतून बाहेर पडणार, मग तिचं नाव त्या घरात कोणी उच्चारणार नाही.

पण हे नाव सासरचं. लग्नात तांदळावर लिहून बदललेलं. माहेरी ती कृष्णी असेल आणि सासरी रुक्मिणी, त्यामुळे वहीत दोन्ही नावांसाठी जागा ठेवा नाहीतर पुढं दोन बाया समजून घोटाळा होतो. माहेरचं नाव मला मिळालं ते भांड्यावर. रुखवतातलं तांब्याचं घंगाळ होतं माळ्यावर, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं. तुम्हाला असं भांडं सापडलं तर कृपा करून चिंच मीठ लावून खसाखसा घासू नका, कोरीव काम उथळ असतं. कोरड्या फडक्यानं पुसा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च बाजूनं, अगदी भांड्याला टेकवून धरा, सावलीत अक्षरं उठून दिसतात. आमच्या घंगाळावर तिच्या वडिलांचं नाव, गाव आणि शके १८०० होतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन, वर्षाच्या शेवटाकडचे म्हणजे जानेवारीनंतरचे महिने असतील तर ७९. म्हणजे लग्न १८७८-७९ च्या आसपास, आणि तेव्हा ती अजून लहान मुलगीच असणार.

आता मरण. विचारताना "कधी गेली" असं विचारू नका, म्हातारी माणसं गप्प होतात. आधी की नंतर असं विचारा. मुरगावची रेल्वे घाट चढून ब्रिटिश हद्दीला जोडली गेली १८८८ त, दादा राणेंचं बंड १८९५ चं, मुंबईत प्लेग आला १८९६ त, त्याच्या आधी का मागनं? आणि भाद्रपदात अविधवा नवमीला तुमच्या घरी सवाशीण जेवायला घालत होते का ते विचारा, घालत असतील तर त्या घरातली कोणीतरी नवऱ्याच्या आधी गेलेली आहे, कोण ते शोधा. उलट मात्र धरू नका, नवराही गेला की काही घरांत ती नवमी बंद करतात, म्हणून नवमी नाही म्हणजे ती विधवाच होती असं होत नाही.

आजी आमची एवढंच म्हणायची, "ती बाळंतेरांत गेली", आणि विषय बंद. अशा बाईचं लोक उघड बोलत नसत, अळवंतीण होते म्हणायचे. एखाद्या विहिरीवर नाहीतर चिंचेखाली तिन्हीसांजेला जायचं नाही अशी घरात ताकीद असेल तर ती कोणामुळं सुरू झाली ते जरूर विचारा. मला त्या भुताच्या गोष्टींचा आधी राग यायचा, बिचारी रक्त जाऊन मेली आणि वर तिलाच घाबरायचं. आता वाटतं, निदान त्या भीतीमुळं तरी तिची आठवण राहिली.

मग कागद. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड आपल्याकडं १८७० पासून लागू झाला, आणि त्यात नवऱ्याला स्थावर विकायचं तर बायकोची संमती लागायची. म्हणून आपल्या बाया सापडतात त्या नवऱ्याच्या खरेदीखतांत! आजोबांच्या पेटीत एका भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, विक्रीची प्रत होती, १८९४ ची. त्यात पणजीचं नाव, पुढं "काझादा" म्हणजे विवाहित, आणि खाली "आ रोगु", म्हणजे हिला सही येत नाही म्हणून हिच्या सांगण्यावरून दुसऱ्यानं केली. ती त्या दिवशी नोतारासमोर, म्हणजे नोटरीसमोर, उभी होती, तिला विचारलं गेलं होतं, हे वाचून मी बराच वेळ तसाच कागद हातात धरून बसले. दुसरं खत १९०२ चं, त्यात पणजोबांच्या नावापुढं "व्यूवु". विधुर. म्हणजे ती गेली त्या आठ वर्षांच्या मधे, आणि धाकट्या आतेआजीचा जन्म प्लेगच्या वर्षातला असं सगळे सांगतात, तेव्हा पणजीचं ते बाळंतेर तिथंच किंवा त्यानंतर एखाद्या वेळचं.

पेटी नसेल तर जुन्या नोतारांची बुकं आणि इन्व्हेंतार बघायचे. इन्व्हेंतार म्हणजे माणूस मेल्यावर वाटणीची कोर्टातली फाइल, त्यात वारस, त्यांची वयं, कधी भांडीकुंडीसुद्धा लिहिलेली असतात. पणजी शहरातलं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं आहे, तिथं नुसतं "माझी पणजी" म्हणून जाऊ नका, गाव, तालुका, नवऱ्याचं पूर्ण नाव आणि दहा वर्षांचा टप्पा लिहून न्या. नावं वाचताना पोर्तुगीज स्पेलिंग डोक्यात ठेवा, श ला एक्स, क ला क्यू-यू, प्रभूचा पोरोबो, शेणईंचा सिनाय. मला पहिल्या दिवशी आमचंच आडनाव ओळखता आलं नव्हतं.

एक युक्ती मला फार उशिरा कळली. सगळ्यांची जन्ममृत्यूची नोंद १९११ च्या पोर्तुगीज कोडानंतर सुरू झाली, त्यामुळे तिची स्वतःची नोंद शोधण्यात वेळ घालवू नका, तिच्या नातवंडांची शोधा. पोर्तुगीज जन्मनोंदीत आईबापांबरोबर दोन्हीकडचे आजी आजोबाही लिहितात. माझ्या वडिलांचा जन्म १९२५ चा, तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडं त्यांची जुनी नोंद काढली तर त्यात "आव्हॉ पातेर्ना" म्हणून पणजी, मरून पंचवीसेक वर्षं झालेली.

ज्यांच्या घरी जमीन नव्हती, मुंडकार होते, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहायचे, त्यांना खतं मिळणार नाहीत हे खरंच आहे. तिथं म्हाताऱ्या बायका हाच आधार. धालोंत (बायकांच्या नाचगाण्यांत) नाहीतर जात्यावर म्हटलेल्या ओव्यांत माहेरच्या गावाचं नाव, भावांची नावं येतात, ती म्हणायला लावा आणि रेकॉर्ड करा, मधे थांबवून अर्थ विचारू नका, तंद्री मोडते.

आणि तो आयोवावाला प्रश्न विचाराच, मुलं किती झाली, जगली किती. माझ्या म्हाताऱ्या आत्यानं बोटं मोजत सात सांगितली आणि मग तिघांची नावं घेतली. उरलेल्या चौघांना नावं ठेवली होती का तेही तिला ठाऊक नव्हतं. वहीत मी सात रेघा ओढल्यात, चार कोऱ्या. प्रत्येक गोष्टीपुढं कोणी सांगितलं आणि कधी ते लिहा, दोन जणांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा. वहीची एक झेरॉक्स तिच्या माहेरच्या घरी नेऊन द्या. मी घंगाळावरच्या गावाला गेले तेव्हा तिथल्या काकी म्हणाल्या, आमच्याकडं एक मुलगी तिकडं दिल्याचं ऐकून होतो, पुढं तिचं काय झालं कोणालाच माहीत नव्हतं.