गल्लीचे काम रहिवाशांनी कसे ठरवावे आणि करून घ्यावे

गल्ली सुधारायची म्हटली की पहिला सल्ला ठरलेला असतो: देवळात सभा बोलवा आणि ठराव करा. बेळगावातील शहापूर, वडगाव, खासबागच्या जुन्या गल्ल्या असोत की शहराच्या कडेला वाढलेल्या वस्त्या, सुरुवात सभेने करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण पुढे सांगतो.

आधी हद्द ठरवावी. चाळीस ते साठ घरांची एक गल्ली पुरे. शहराच्या ५८ प्रभागांपैकी एक अख्खा प्रभाग पहिल्याच वर्षी हाती घेणारे लोक दमून जातात.

यानंतरचा टप्पा म्हणजे एका कामावर सगळ्यांचे मत जुळवणे. सगळ्यात अवघड हेच आहे आणि मी इथेच चुकलो होतो. विणकरांच्या एका गल्लीत मी संध्याकाळी सात वाजता मंदिराच्या सभामंडपात सभा घेतली. पुरुष आले, पंच मंडळी बोलली आणि अर्ध्या तासात काँक्रीट रस्त्याचा ठराव एकमताने झाला. रस्ता मंजूरही झाला. परंतु जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा थर ओतल्यामुळे त्याची पातळी वीतभर वर आली आणि पहिल्याच मोठ्या पावसात खालच्या अंगाच्या नऊ घरांत पाणी उंबऱ्यावरून आत शिरून हातमागाच्या खड्ड्यांत साचले. मागावरचा ताणा भिजला, आठवड्याची मजुरी गेली. त्या नऊ घरांपैकी कोणीही सभेला आले नव्हते, कारण चार घरांत भाडेकरू राहत होते आणि उरलेल्यांचे माग रात्री नऊपर्यंत चालू असत. त्यांतील एक बाई मला एवढेच म्हणाल्या, “दादा, आम्हांला गटार पाहिजे होती. रस्ता कुणी मागितला होता?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून मी सभा शेवटी घेतो. पाणी सोडण्याच्या दिवशी नळावर उभे राहावे, दुपारी ओट्यांवर बसावे आणि रात्री माग बंद झाल्यावर त्या घरांत जावे. “तुमच्या समस्या कोणत्या?” असे विचारू नये, त्यावर फक्त सुस्कारे ऐकू येतात. गेल्या पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आले, रात्री मुलीला कोणत्या वळणावर एकटी पाठवत नाही, असे विचारावे. मग एका रविवारी सकाळी बायकांकडून गल्लीतच रांगोळीने गल्लीचा नकाशा काढून घ्यावा: घरे पांढऱ्या रेघेने, नळ हळदीने आणि पाणी साचते ती जागा निळीने. एका गल्लीत नकाशाचा खालचा अर्धा भाग निळा झालेला पाहून वरच्या अंगाचे लोक गप्प झाले होते. तोवर त्यांना ही तक्रार वाढवून सांगितलेली वाटत होती. त्याच दिवशी गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी लावून दोन्ही टोकांची पातळी मोजावी, म्हणजे उताराचा वाद डोळ्यांदेखत मिटतो.

शेवटच्या त्या सभेत कामाची निवड हात वर करून कधीही करू नये. मागाच्या मालकासमोर मजूर हात वर करत नाही. प्रत्येक कामासाठी एक झाकलेले मडके ठेवावे आणि दर चुलीमागे तीन चिंचोके द्यावेत. चूल हा शब्द मी जाणून वापरतो: घरमालकाला तीन आणि त्याच्या मागच्या खोलीतील भाडेकरूलाही तीनच. यावर मालक मंडळी रागावतात, रागावू द्यावे, पण नियम बदलू नये. आणि स्वागत कमान मडक्यांच्या यादीत घेऊच नये. एकाही घराची अडचण तिने दूर होत नाही.

पुढचे टप्पे सोपे आहेत. निवेदनात एकच काम लिहावे, प्रत्येक चुलीची सही घ्यावी, रांगोळीच्या नकाशाचे छायाचित्र जोडावे आणि नगरसेवक व महानगरपालिका या दोन्ही ठिकाणी देऊन तारखेसह पोच घ्यावी. भाषेबद्दल स्पष्ट सांगतो: राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार आपल्याला आहे, त्यामुळे मराठी निवेदन नाकारले जाऊ नये. तरीही सोबत कन्नड प्रत द्यावी, कारण फाइलवरचे शेरे कन्नडमध्ये लिहिले जातात आणि आपल्याला काम करून घ्यायचे आहे. गल्लीतच कन्नड शाळेत शिकलेली मुले असतात, ती उत्तम लिहून देतात.

हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली त्या कामाच्या अंदाजपत्रकाची प्रत मागावी. शुल्क १० रुपये आहे, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर, साधारण १५० शब्दांत असावा लागतो. रागाच्या भरात चार पाने लिहिलेला अर्ज परत येतो.

काम सुरू झाल्यावर अंदाजपत्रकातील रुंदी, खोली आणि उतार मोठ्या अक्षरांत लिहून गल्लीच्या तोंडाशी लावावेत आणि दररोज दोन घरांनी टेप घेऊन मोजावे. गटारीवर झाकणे बसवण्याच्या आदल्या दिवशी वरच्या टोकाला चार घागरी पाणी ओतावे, आणि ते खालच्या शेवटच्या घरासमोरून वाहून गेलेले त्या घरातील बाईने पाहिल्याशिवाय गल्लीच्या वतीने कोणीही समाधानाची सही देऊ नये.