ऑफिसचं नेटवर्क स्लो? प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

"नेट स्लो आहे" अशी ओरड झाली की पहिला फोन इंटरनेटवाल्याला जातो आणि 100 एमबीपीएसचा प्लॅन 300चा होतो. पण टॅली उशिरा उघडणं, शेअर्ड फोल्डरमधली एक्सेल सेव्ह होताना अडकणं, प्रिंट रखडणं या कामांत इंटरनेट येतंच कुठे? हा डेटा ऑफिसातल्या केबल आणि स्विचमधूनच (सगळे पीसी केबलने जिथे जोडतात तो डबा) फिरतो. म्हणून एक रुपयाही खर्च करण्याआधी मोजा. सर्व्हर आणि एका पीसीवर आयपर्फ3 (iperf3, दोन मशीनमधला वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा. गिगाबिट लॅनवर, म्हणजे 1000 एमबीपीएसच्या ऑफिसातल्या नेटवर्कवर, 930-940 एमबीपीएस यायला हवेत. 90-95 आले, तर लिंक, म्हणजे केबलवरची जोडणी, 100वर अडकली आहे.

हीच चूक सर्वांत जास्त ऑफिसांत सापडते आणि कोणीच बघत नाही. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. 100 एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी नेट बंद पडत नाही, लिंक गुपचूप 100वर उतरते. एका करसल्लागारांच्या ऑफिसात 31 जुलैच्या तोंडावर असंच झालं. टॅली रांगत होती, म्हणून आधी प्लॅन वाढवला, मग नवा गिगाबिट स्विच आणला. फरक शून्य. सर्व्हरची पॅच कॉर्ड (मशीनला जोडणारी छोटी तयार केबल) कपाटाच्या पायाखाली चेपली गेली होती आणि सगळे पीसी मिळून सेकंदाला जेमतेम 11-12 मेगाबाइट (100 मेगाबिटचे एवढेच होतात) वाटून घेत होते. कॉर्ड बदलली आणि काम सुरळीत झालं.

तपासायला एक मिनिट लागतं. विंडोजमध्ये नेटवर्क कनेक्शन्स उघडा, इथरनेटवर डबल क्लिक करा आणि स्पीड वाचा. सर्व्हरपासून सुरुवात करा, मग स्विच-स्विचमधल्या केबल बघा. 100 दिसलं तर आधी पॅच कॉर्ड बदला, मग आयओचं (भिंतीतल्या नेटवर्क सॉकेटचं) पंचिंग, म्हणजे तारा खाचेत बसवणं, मग क्रिंपिंग, म्हणजे टोकाचा प्लग दाबून बसवणं, पुन्हा करून बघा. तारांचा पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. तारांच्या रंगांचा क्रम दोन्ही टोकांना 568बी या मानकाचा ठेवा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. "चारच तारा लावल्या तरी चालतं" म्हणणाऱ्या माणसाला रॅकजवळ फिरकू देऊ नका.

स्वस्त केबल हा याच दुखण्याचा दुसरा पाय. 305 मीटरचा डबा संशयास्पद स्वस्त आणि हलका वाटला, तर तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. लांब अंतरावर त्यामुळे एरर वाढतात आणि पीओईवरचा, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारा, कॅमेरा किंवा फोन रीस्टार्ट होत राहतो. शिवाय वाकवताना तार आतल्या आत तुटते. भिंतीत जाणारी केबल शुद्ध तांब्याचीच घ्या, कारण ती पुन्हा बाहेर काढायचा खर्च केबलपेक्षा मोठा असतो. स्विच ते पीसी एकूण 100 मीटरच्या आत ठेवा.

वायफाय पोहोचत नाही म्हणून घरून आणलेला राउटर लावणं, ही घाई फार महागात पडते. केबल लॅन पोर्टात गेली, तर तोही मुख्य राउटरसारखा डीएचसीपीने (पीसींना आपोआप आयपी पत्ते देणारी सोय) पत्ते वाटू लागतो. मग निम्म्या पीसींना 192.168.1 ने सुरू होणारा पत्ता मिळतो, निम्म्यांना 192.168.0 चा, आणि प्रिंटर कधी दिसतो, कधी नाही. अडलेल्या पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ऑल (ipconfig /all) चालवून डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता वाचा. तो मुख्य राउटरचा नसेल, तर चोर सापडला. राउटर वापरायचाच असेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला मुख्य राउटरच्याच रेंजमधला मोकळा पत्ता द्या आणि मगच केबल लॅन पोर्टात घाला.

सगळं ऑफिस एकदम बंद पडलं आणि स्विचचे सगळे दिवे एकसाथ वेड्यासारखे लुकलुकू लागले, तर लूप समजा, म्हणजे डेटा एकाच वाटेने गोल गोल फिरतोय. कोणीतरी केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये किंवा आयपी फोनचे दोन्ही पोर्ट भिंतीत खोचलेले असतात. एकेक केबल काढत जा. दिवे शांत झाले की दोषी केबल हातात असते. नवा स्विच घेताना लूप प्रोटेक्शन असलेलाच घ्या.

वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6, 11 सोडून दुसरे चॅनल वापरू नका, चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झच ठेवा. टॅलीचा पीसी वायफायवर चालवू नका.

सीसीटीव्हीचाही नेटवर्कवर भार पडतो: 16 कॅमेरे प्रत्येकी 4 एमबीपीएसचे म्हणजे 64 एमबीपीएस. कॅमेरे आणि एनव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) स्वतंत्र स्विचवर ठेवा.

दुपारी व्हिडिओ कॉल तुटत असतील, तर 8.8.8.8ला (गुगलचा सर्व्हर) सतत पिंग लावा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसेल. क्लाउड बॅकअप सुरू होताच 10 मिलिसेकंदांचे 300 झाले, तर अपलोड तुंबलंय. बॅकअप रात्री 9 नंतर लावा आणि राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणत्या कामाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 85-90 टक्क्यांवर बांधा.