नाशिकच्या डोंगरांत उन्हाळी मुक्कामी ट्रेक: मार्ग ठरवताना या चुका टाळा

एप्रिल-मेची सुट्टी जवळ आली की सातमाळ, सेलबारी-डोलबारी नाहीतर त्र्यंबक रांगेत तीन-चार दिवसांच्या भटकंतीचे बेत शिजू लागतात. तंबू येतो, सॅक भरली जाते आणि मार्ग ठरतो गडांच्या यादीवरून: सप्तशृंगी, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, धोडप, जमलंच तर कांचना. जानेवारीत ही यादी चालून जाते. उन्हाळ्यात कागदावर आधी पाणी लिहायचं, मग सावली, मग खाली उतरायच्या वाटा. त्यात जे गड बसतील ते घ्यायचे, बाकीचे थंडीसाठी राखून ठेवायचे.

थंडीतल्या माहितीवर पाण्याचा हिशेब करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो. "गडावर पाण्याची टाकी आहेत" हे वाक्य वाचलं की ते कोणत्या महिन्यात लिहिलंय ते आधी बघा. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेलं उघडं टाकं एप्रिलच्या मध्यात तळाला चिखल घेऊन बसलेलं असतं. कातळाच्या पोटात खोदलेली खांबटाकी मात्र जास्त टिकतात, कारण त्यातल्या पाण्यावर थेट ऊन पडत नाही. आपले डोंगर बेसॉल्टच्या थरांचे आहेत. वरच्या भेगाळ, सच्छिद्र थरातून झिरपलेलं पाणी खालच्या घट्ट कातळावर अडतं आणि कड्याच्या बुडाशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी माथ्यापेक्षा कड्याखालच्या पदरात, म्हणजे कड्याच्या बुडाशी असलेल्या सपाट पट्ट्यात, सापडण्याची शक्यता जास्त. तिथे हिरव्या झाडांचा एखादा पुंजका दूरून दिसला तर त्याची नोंद ठेवा.

निघण्याच्या आठवड्यात पायथ्याच्या गावात फोन लावा, पण प्रश्न नीट विचारा. "वर पाणी आहे का?" म्हटलं की "आहे ना" असंच उत्तर येतं, कारण पाहुण्याला नाही म्हणणं गावाच्या जिवावर येतं. त्याऐवजी गुराख्याला विचारा: "मामा, सध्या गुरं कुठं पाजता?" ते म्हणाले, "आता खालीच आणतो विहिरीवर," की समजायचं, वरचं पाणी संपलंय. हा एक प्रश्न दहा फोटोंपेक्षा खरं सांगतो.

चालताना दिवसाला माणशी पाच लिटर पाणी धरा, स्वयंपाकाचं वेगळं. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे दोन दिवसांचं पाणी पाठीवर घेऊन चढणं बहुतेकांना झेपत नाही. म्हणून रोज एकदा तरी खात्रीच्या पाण्यावरून जाणारी वाट हवी. सोबत पंधरा-वीस फूट दोरी आणि छोटी बरणी ठेवा. उन्हाळ्यात टाक्यात पाणी असतं, पण हात पोचत नाही इतकं खाली गेलेलं असतं. पाणी कापडातून गाळून, उकळून प्या. टाक्यात उतरून हातपाय धुवायचे नाहीत, हे तर सांगायलाही नको.

दुसरी बाजूही आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या कित्येक पाड्यांवर मे महिन्यात बायाबापड्या हंड्यासाठी लांबवर पायपीट करतात. काही गावं टँकरवर असतात. अशा विहिरीवर आठ जणांनी जाऊन चाळीस बाटल्या भरणं बरोबर नाही. ज्या गावात टंचाई आहे, ते आपल्या मार्गात पाण्याचा टप्पा म्हणून धरूच नका.

किलोमीटर मोजणं, तास न मोजणं

"रोजचे पंधरा किलोमीटर, सहज होतील." सपाटीवर होतील. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर आणि दोन समोच्च रेषांमधली (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधली) उंची २० मीटर. जिथे चार-पाच रेषा एकमेकींना चिकटून काळ्या पट्ट्यासारख्या दिसतात तिथे कडा आहे. आपल्याकडे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उठतो: पदर, कडा, पुन्हा पदर, पुन्हा कडा. कडा ओलांडायला नाळ (कड्यातली अरुंद घळ), खिंड किंवा सोंडच (डोंगराचा खाली उतरत गेलेला फाटा) लागते. नकाशावर बोटभर अंतरावर दिसणारं टोक गाठायला अर्धा डोंगर वळसा घालावा लागतो तो यामुळेच.

आता तास मोजा. पहाटे पाचला निघून साडेदहाला थांबायचं आणि साडेचारनंतर पुन्हा अंधार पडेपर्यंत चालायचं. मधल्या वेळात देवळाच्या सभामंडपात, गुहेत किंवा दाट झाडाखाली पडून राहायचं. म्हणजे हाताशी आठ तास, त्यात पाणी भरणं आणि वाट शोधणं धरून खरी चाल सहा तासांची. चढाला ओझ्यासकट तासाला ३०० मीटर उंची धरली तरी पुष्कळ झाली. हिवाळ्यातला तीन दिवसांचा मार्ग उन्हाळ्यात चार-पाच दिवसांचा होतो. नाहीतर त्यातला एखादा गड गाळावा लागतो.

डांबरी रस्त्याचे टप्पेही पायी करू नका. साल्हेर करून मुल्हेरकडे जायचं असेल तर मधली सपाटी जीपने किंवा एसटीने पार करा. भर उन्हात डांबर तुडवून काही कमावता येत नाही, उलट दुसऱ्या दिवसाची ताकद संपते.

सावली "असेलच" असं धरणं

नाशिक साधारण २० अंश उत्तरेला आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. तेव्हा डोंगराची ना उत्तर बाजू सावली देते ना दक्षिण. कामाला येते ती सकाळची सावली. पश्चिमेकडे उतरलेल्या सोंडेवर आणि नाळेत ऊन उशिरा पोचतं, म्हणून मोठा चढ सकाळी पश्चिमेच्या बाजूने ठेवा आणि त्याप्रमाणे मार्गाची दिशा उलटवायलाही कचरू नका. कारवीच्या झुडपी रानातली वाट नकाशावर हिरवी दिसते. मेमध्ये तिथे नुसत्या काटक्या असतात.

ढोरवाटेला मळलेली वाट समजणं

गवत वाळलं, चरून झालं की उघड्या उतारावर दहा वाटा दिसायला लागतात. त्यातल्या बहुतेक गुरांच्या. ढोरवाट डोंगराला आडवी जाते, फाटे फोडते आणि चराईच्या माळावर नाहीतर पाण्याशी विरून जाते. माणसांची वाट खिंड किंवा सोंड धरून चढते, तिच्यावरचे दगड पायांनी गुळगुळीत झालेले असतात. पंधरा मिनिटं चालून उंची बदलली नाही तर थांबा आणि शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत या. घसाऱ्यावरून (सुट्या दगडमातीच्या उतारावरून) "इथूनच चढून जाऊ" असं म्हणणारा गटात एक तरी असतोच. त्याचं ऐकू नका. कोरडा मुरूम आणि वाळलेलं गवत पावसाळी चिखलाइतकंच घसरतं.

मधून उतरायची वाट न ठेवणं

लांब धारेवरचा मार्ग आखताना दर अर्ध्या दिवसाला एक सुटकेची वाट लिहून ठेवा: कोणती खिंड, कोणतं गाव, तिथून गाडी मिळेल का. सातमाळ यासाठी सोयीची रांग आहे. मार्कंड्या आणि रावळ्या-जावळ्या यांच्यामधल्या खिंडीतून वणीकडे किंवा कळवणकडे सुटता येतं, धोडपखाली हट्टी गाव आहे. साल्हेर-सालोट्याच्या खिंडीतून वाघांब्याकडे उतरता येतं. अलंग-मदन-कुलंग या तीन गडांचं तसं नाही. अलंग आणि मदनवर दोर लावून चढायचे टप्पे आहेत आणि तापलेल्या कातळावर पाठीला पंधरा किलो घेऊन ते करायचे म्हणजे जाणत्यांचंच काम. पहिल्या उन्हाळी मुक्कामी ट्रेकला हे त्रिकूट घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चैत्रात सप्तशृंगीवरून जाणार असाल तर पंचांग बघा. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा असते आणि खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ते भरलेले असतात. मुक्कामाला जागा मिळणं अवघड.

तंबूची जागा फोटोवरून ठरवणं

कड्याच्या टोकावर तंबू सुंदर दिसतो. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की तोच तंबू रात्रभर जागवतो. कातळावर लावला तर दिवसभर तापलेला दगड मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. मातीचा पदर शोधा, वाऱ्याच्या आडोशाला. नाळेत आणि कोरड्या ओढ्यात नाही, कारण मेमधला वळीव वर कोसळला की पाणी खाली धावत येतं. टाक्यापासून शंभरेक पावलं लांब राहा. रात्री त्याच पाण्यावर बिबट्या, तरस, रानडुकरं येतात. मुरमात खुंट्या शिरत नाहीत म्हणून दगड लावावे लागतात, तेव्हा दगड आधी काठीने उलटवा. खाली विंचू असतो.

कड्याच्या पोटाखाली काळपट, लोंबती आग्या मोहळं दिसली तर त्या गुहेत मुक्काम नाही, धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. चूल तर उन्हाळ्यात कुठेच पेटवू नका. वाळक्या गवतात एक ठिणगी पुरते आणि राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. छोटा गॅस स्टोव्ह, तोही उघड्या कातळावर.

परवानगीचं आधी विचारून घ्या. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, काही गड संरक्षित स्मारकं आहेत आणि तिथे रात्री थांबता येईलच असं नाही. वनपाल आणि गावचे पोलीस पाटील यांना कळवलंत की गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर देवळात मुक्कामाची सोय बहुधा होते. तिथे तंबूपेक्षा थंड असतं.

अडलंच तर

ठरलेलं टाकं कोरडं निघालं: पुढच्या टाक्याच्या आशेवर जाऊ नका. प्रत्येकाकडे दीड लिटरपेक्षा कमी उरलं असेल तर सुटकेच्या वाटेने गावात उतरा.

कोणी गरगरतंय, मळमळतंय, पायात गोळे येतायत: सावलीत बसवा, ओआरएस घोट घोट द्या, त्या दिवशीची चाल संपली. बरळायला लागला, अंग खूप तापलं, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजा. कपडे सैल करून अंग ओलं करा, वारा घाला, १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. याच वेळेसाठी पिण्याच्या पाण्यातलं थोडं शिल्लक लागतं.

दुपारी ढग जमून गडगडाट सुरू झाला: धार, एकटं झाड आणि लोखंडी शिड्या सोडा. कळसूबाईच्या शिड्यांवर तेव्हा असू नये. पदरात उतरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी थांबा.

मोहळ उठलं: डोकं-तोंड कापडाने झाका, हात हलवत मारत बसू नका, सॅक टाकून वाटेनेच लांब पळा. कड्याकडे नाही.

घरी आणि पायथ्याच्या गावात एक एक चिठ्ठी ठेवा: रोजचा मुक्काम, सुटकेच्या वाटा, परत यायचा दिवस. डोंगरात मार्ग बदलला तर रेंज मिळेल तिथून तेवढा मेसेज आधी करा, फोटो नंतर.